वाकलेलं हाड, न जुळणारं हाड: लहान मुलांच्या पायांवरच्या शस्त्रक्रिया समजून घेताना

"लहान मुलांची हाडं काय, पटकन जुळतात," असं घरातली मोठी माणसं सांगतात, आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. जन्माच्या वेळी मांडीचं हाड मोडलेलं बाळ दोन-तीन आठवड्यांत त्यातून मोकळं होतं. तेच हाड चाळिशीतल्या माणसाचं मोडलं तर तीन-चार महिने सहज जातात. मुलांच्या हाडावरचं आवरण जाड असतं, रक्तपुरवठा भरपूर असतो आणि नवं हाड घडवणाऱ्या पेशी त्या आवरणात तयारच असतात. शिवाय हाड थोडं वाकडं जुळलं तरी पुढच्या वाढीत ते बरंचसं सरळ होतं. मनगटाजवळ हाड मोडलेल्या सात वर्षांच्या मुलाचा दोन वर्षांनंतरचा एक्स-रे पाहिला, तर हाड कुठे मोडलं होतं ते शोधावं लागतं.

मग काही मुलांचे पाय वाढता वाढता वाकडे का होतात? एखाद्या मुलीची नडगी ऑपरेशनवर ऑपरेशन होऊनही का जुळत नाही? मी लहान मुलांच्या ऑर्थोपेडिक विभागात फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्याकडे येणाऱ्या आईवडिलांच्या हातात जाडजूड फाइल असते, पण मुलाच्या हाडात नेमकं काय चाललंय हे कुणी सावकाश बसून सांगितलेलं नसतं. हे लेखन त्यांच्यासाठी. मोठ्या माणसाचं हाड सरळ केलं की काम बहुतेक संपतं. मुलाचं हाड आज सरळ केलं तरी ते उद्या वाढणार आहे. म्हणून मुलांच्या बाबतीत प्रत्येक निर्णयाआधी सर्जन एकच गोष्ट तपासतात: वाढ अजून किती शिल्लक आहे?

वाढीची चकती

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. एक्स-रेत तो काळ्या रेघेसारखा दिसतो आणि अनेक पालकांना ते फ्रॅक्चरच वाटतं. ही वाढीची चकती. उंची इथेच वाढते. पायाची सर्वांत जास्त वाढ गुडघ्याभोवती होते: गुडघ्याच्या वरची चकती वर्षाला साधारण ९ ते १० मिलिमीटर भर घालते, खालची सुमारे ६ मिलिमीटर. मुलींमध्ये साधारण चौदाव्या आणि मुलांमध्ये सोळाव्या वर्षी या चकत्या बंद होतात.

ही चकती एका बाजूने दुखावली, जंतुसंसर्गाने जळली किंवा जन्मतःच नीट नसली, तर ती बाजू वाढायची थांबते आणि दुसरी वाढत राहते. हाड हळूहळू कलतं. गुडघ्याजवळच्या चकतीला सहाव्या वर्षी इजा झाली तर पुढची आठ-दहा वर्षं तो पाय मागे पडत जातो. तेराव्या वर्षी झाली तर फरक थोडाच उरतो. नवजात बाळाच्या खुब्यात पू झाला आणि तो दोन-चार दिवसांत काढला गेला नाही, तर मांडीच्या हाडाचं डोकंच विरघळून जाऊ शकतं. बाळाला ताप असो वा नसो, ते एक पाय हलवत नसेल आणि लंगोट बदलताना कळवळून रडत असेल, तर तो दिवस वाया घालवू नका.

सगळेच वाकडे पाय आजारी नसतात

हे आधी सांगायला हवं, कारण घाबरून येणारे खूप असतात. चालायला लागलेल्या बाळाचे पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकलेले असतात आणि दोन वर्षांच्या आसपास ते सरळ होतात. मग तीन-चार वर्षांचं मूल गुडघ्याला गुडघा लावून चालतं. सात वर्षांपर्यंत तेही बहुतांशी ठीक होतं. यासाठी खास बूट, पट्टे किंवा तेलाची मालिश यांतलं काहीही लागत नाही.

वाक एकाच पायात असेल, वाढत असेल, मुलाची उंची वयाच्या मानाने फारच कमी असेल किंवा दोन-अडीच वर्षांनंतरही पाय धनुष्यासारखेच असतील, तर मात्र दाखवायला हवं. आपल्याकडे एवढं ऊन असूनही मुडदूस आजही दिसतो. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्यानेही मुलांची हाडं वाकतात. मुडदुसात आधी रक्ताची तपासणी आणि औषध. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम नीट मिळालं की लहान मुलांचे पाय अनेकदा आपोआप सरळ होतात. काही मुलांना आनुवंशिक मुडदूस असतो. त्यांच्या लघवीतून फॉस्फरस वाहून जातो आणि त्यांना वेगळं औषध लागतं. ही तपासणी न करता केलेली शस्त्रक्रिया टिकत नाही, कारण सरळ केलेलं मऊ हाड पुन्हा वाकतं. रक्ताचा रिपोर्ट न पाहता कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर तपासणी झाली आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

औषधानंतरही वाक राहिला आणि वाढ शिल्लक असेल, तर एक फार सुंदर उपाय आहे. दोन भोकांची, बोटाच्या पेराएवढी एक प्लेट वाढीची चकती ओलांडून बसवतात. एक स्क्रू चकतीच्या वर, एक खाली. ज्या बाजूची वाढ जास्त होतेय त्या बाजूला ही प्लेट बसते. बैलजोडीतला एक बैल थोपवून धरला की गाडी त्या बाजूला वळते, तसं हे आहे. थोपवलेली बाजू थांबते, दुसरी वाढत राहते आणि पाय महिन्याला साधारण अर्धा ते एक अंश या गतीने सरळ होतो. हाड कापावं लागत नाही. मूल काही दिवसांत चालू लागतं. पाय सरळ झाला की प्लेट काढायची.

धोका शेवटच्या पायरीत आहे. दर तीन-चार महिन्यांनी दाखवायला यावंच लागतं. "पाय छान दिसतोय, आता कशाला जायचं" म्हणून वर्षभर न आलेली मुलं मी पाहिली आहेत. प्लेट आपलं काम करतच राहते आणि पाय उलट्या बाजूला झुकतो. आणि मूल पहिल्यांदाच सोळाव्या वर्षी आलं तर चकती बंद झालेली असते. मग हाड कापून, सरळ करून, प्लेट किंवा रिंग (पायाभोवती बाहेरून बसवलेल्या धातूच्या कड्यांचा सांगाडा) लावून जुळवावं लागतं.

दोन पायांच्या लांबीत फरक असेल तरीही हाच हिशेब. दोन सेंटिमीटरपर्यंत फरक असेल तर बुटाचा तळ उंच करणं पुरतं, कित्येकांना तेही लागत नाही. दोन ते पाच सेंटिमीटर असेल तर लांब पायाची वाढ योग्य वयात थांबवतात, म्हणजे आखूड पाय त्याला गाठतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण ऑपरेशन छोटं आहे आणि खात्रीचं. त्याहून मोठा फरक असेल तर आखूड पाय लांब करायचा.

रिंग

हाड लांब करता येतं, ही गोष्ट सायबेरियातल्या कुर्गान या शहरातून जगाला कळली. गॅव्हरिल इलिझारोव्ह हे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धानंतर त्या भागात काम करत होते. न जुळलेली हाडं घेऊन जगणारे खूप लोक, साधनं तुटपुंजी. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी धातूच्या कड्या, तारा आणि आट्यांचे दांडे यांचं एक उपकरण बनवलं. मूळ हेतू हाडाची टोकं एकमेकांवर दाबून धरण्याचा होता. असं सांगतात, की एका रुग्णाने नट उलट दिशेला फिरवले, टोकं जवळ येण्याऐवजी लांब गेली, आणि एक्स-रेत त्या फटीत नवं हाड दिसलं. पुढची अनेक वर्षं त्यांनी या फटीचा अभ्यास केला: किती वेगाने ताणलं तर हाड तयार होतं, किती वेगाने ताणलं तर होत नाही.

टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक जिंकलेला व्हॅलेरी ब्रुमेल १९६५ मध्ये मोटरसायकल अपघातात जखमी झाला. अनेक ऑपरेशनांनंतरही पाय बरा होईना. तो कुर्गानला गेला आणि नंतर पुन्हा उड्या मारू लागला. पश्चिम युरोपला हे तंत्र कळायला मात्र १९८१ उजाडलं. इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी याची वर्षानुवर्षं न जुळलेली नडगी इलिझारोव्ह यांनी बरी केली होती, आणि त्यामुळेच त्यांना इटलीत व्याख्यानाला बोलावणं आलं.

तंत्र असं: हाड बाहेरच्या कवचापुरतं जपून कापतात, आवरण आणि रक्तपुरवठा शक्य तेवढा सांभाळतात. दीड ते पावणेदोन मिलिमीटर जाडीच्या तारा हाडातून आरपार घालून कड्यांना ताणून बांधतात. पाच ते सात दिवस काहीच करायचं नाही. कापलेल्या जागी जुळण्याची प्रक्रिया सुरू होऊ द्यायची. मग रोज एक मिलिमीटर. तेही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. दांड्याच्या आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर असतं, म्हणून नटाचा पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर आणि चतकोर फेरा म्हणजे पाव.

घरी हे काम बहुधा आईकडे येतं. हातात दहा नंबरचा पाना, नटाच्या एका कडेवर नेलपॉलिशचा लाल ठिपका, भिंतीवरच्या कॅलेंडरवर सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीच्या चार खुणा. ठिपका कुठून कुठे गेला की चतकोर फेरा पुरा झाला, हे एकदा हाताला कळलं की भीती जाते. पहिल्या दिवशी मात्र बहुतेक आयांचे हात थरथरतात. आम्ही डिस्चार्जच्या आधी त्यांच्याकडून सगळे नट आमच्यासमोर फिरवून घेतो, दिशा चुकू नये म्हणून.

एक मिलिमीटरच का? जास्त वेगाने ओढलं तर फटीत हाड धरत नाही, नसा आणि स्नायू ताणले जातात. कमी वेगाने ओढलं तर हाड मध्येच जुळून बसतं आणि पुन्हा कापावं लागतं. दोन आठवड्यांनी एक्स-रे काढला की फटीत धुरकट उभ्या रेघा दिसू लागतात. तेच नवं हाड. पाच सेंटिमीटर लांबी वाढवायला पन्नास दिवस ताणावं लागतं. पण ते नवं हाड वजन पेलण्याइतकं घट्ट व्हायला त्याच्या दुप्पट वेळ जातो. त्यामुळे पाच सेंटिमीटरसाठी पाच-सहा महिने रिंग, असा अंदाज धरून चला. "दोन महिन्यांत निघेल ना?" हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि उत्तर ऐकून चेहरे पडतात. म्हणून ते ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं.

हाड लांब होतं तसे स्नायू आपोआप लांब होत नाहीत. नडगी लांब करताना पोटरी घट्ट होते, पाऊल बोटांच्या बाजूने खाली ओढलं जातं. मांडी लांब करताना गुडघा आखडतो. दिवसातून चार वेळा ताणण्याचे व्यायाम आणि रात्री पाऊल काटकोनात धरणारी पट्टी हे औषधाइतकंच आवश्यक आहे. मूल रडतं, आजी म्हणते, "सोड गं त्याला." त्या आजीला मी शेजारी बसवते आणि पाऊल कुठपर्यंत वर यायला हवं ते दाखवते. मग तीच आजी घरी व्यायाम करून घेते. चालणंही हवं असतं. सर्जनने परवानगी दिली की रिंगवर वजन टाकून चालायचं, त्याने नवं हाड पक्कं होतं.

तारेभोवतीची त्वचा सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करायची. थोडी लाली, थोडं पाणी हे बऱ्याच मुलांना कधी ना कधी होतं आणि गोळ्यांनी जातं. पू, ताप, वाढती ठणक, बोटांना मुंग्या किंवा बोटं वर उचलता न येणं यांपैकी काही झालं तर नट फिरवणं थांबवा आणि त्याच दिवशी फोन करा.

अलीकडे सहा तिरक्या दांड्यांच्या रिंग मिळतात. संगणक रोजचं वेळापत्रक काढून देतो आणि वाक, पीळ, लांबी सगळं एकाच वेळी सुधारता येतं. चुंबकाने लांब होणारी, हाडाच्या आत बसणारी सळईही आहे. तिला बाहेर काही दिसत नाही, पण ती महाग आहे आणि लहान मुलांच्या अरुंद हाडात, उघड्या चकत्यांमधून ती सहसा घालता येत नाही.

जे हाड जुळतच नाही

आता सर्वांत अवघड गोष्ट. काही बाळांची नडगी जन्मतः किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत पुढे आणि बाहेरच्या बाजूला वाकलेली दिसते. मूल चालायला लागतं, साधं ठेचकाळतं आणि हाड मोडतं. प्लास्टर घालतात. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने. हाड जुळत नाही. उलट टोकं निमुळती होत जातात आणि त्या जागी पाय सांध्यासारखा हलतो. हा जन्मजात दोष फार विरळा आहे, लाख-दीड लाख जन्मांमागे एखादा. त्यातल्या जवळपास निम्म्या मुलांना न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा जनुकीय आजार असतो. अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग असतील, तर त्याचा विचार करायलाच हवा.

इथे दोष आवरणात आहे. जे आवरण इतर मुलांचं हाड भराभर जुळवतं, तेच इथे जाड, तंतुमय झालेलं असतं. हाड बनवणाऱ्या पेशी दुबळ्या, हाड खाणाऱ्या पेशी जोरात. म्हणून नुसतं हाड एकत्र धरून काही होत नाही.

वाक कुठल्या दिशेला आहे यावर सगळं अवलंबून असतं. नडगी मागे आणि आतल्या बाजूला वाकलेली असेल, पाऊल नडगीला टेकलेलं असेल, तर दृश्य भयंकर वाटतं, पण तो वाक पहिल्या काही वर्षांत बराचसा आपोआप जातो. पुढे लांबीतला फरक तेवढा उरतो. पुढे आणि बाहेर वाकलेली नडगी मात्र जपायची. तिला सरळ करायला म्हणून कापायचं नाही, तपासायला तुकडा काढायचा नाही. कापलेली जागा न जुळण्याचा धोका मोठा असतो. मोडण्याआधी पायाला कवचासारखा ब्रेस घालून तो सांभाळणं हाच उपचार आहे.

मोडल्यावर मोठी शस्त्रक्रिया लागते. आजारी आवरण आणि हाडाची खराब टोकं काढून टाकतात. कमरेच्या हाडातून काढलेला चुरा भोवती भरतात. आत सळई घालतात, तीही शक्यतो दुर्बिणीसारखी लांब होणारी, म्हणजे मूल वाढेल तशी ती वाढते. बाहेरून अनेकदा रिंग. अलीकडे अनेक सर्जन नडगी आणि तिच्या शेजारचं बारीक हाड एकमेकांना हाडानेच जोडून टाकतात, म्हणजे जुळलेली जागा रुंद होते आणि पुन्हा मोडण्याची शक्यता घटते. हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालायला झोलेड्रोनेटसारखं औषध शिरेतून देतात. वाढणाऱ्या सळया ठिसूळ हाडांच्या मुलांनाही वापरतात. त्यांच्या बाबतीत हाड जुळतं, पण वारंवार मोडतं, म्हणून आतून आधार द्यायचा.

एकदा जुळलं म्हणजे सुटलो असं इथे नसतं. जुळलेलं हाड पुन्हा मोडू शकतं, म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत ब्रेस आणि नियमित तपासणी. काही मुलांच्या पायावर एवढ्या शस्त्रक्रिया होतात, की घोटा ताठ होतो, पाय दुबळा होतो. अशा वेळी घोट्यातून पाय काढून कृत्रिम पाय बसवणं हाही एक खरा उपचार आहे, आणि तो सुचवणाऱ्या सर्जनवर चिडू नये असं मला मनापासून वाटतं. मुलांमध्ये हाड मधून कापलं तर त्याचं टोक वाढून त्वचेला टोचत राहतं, म्हणून शक्य तिथे सांध्यातून काढतात. असं मूल नव्या पायावर धावतं. पण हा निर्णय दुसऱ्या जाणत्या सर्जनचं मत घेतल्यावर, आणि मूल मोठं असेल तर त्याच्याशी बोलूनच घ्यावा.

न जुळणारं आणखी एक हाड सांगते, कारण ते विरळ अजिबात नाही. पाच-सहा वर्षांचं मूल झाडावरून पडतं, कोपराच्या बाहेरच्या बाजूला सूज येते, एक्स-रेत बारीकशी चीर दिसते. ती चीर सांध्यात उघडते, सांध्यातलं पाणी तिच्यात शिरतं, स्नायू तुकडा ओढत राहतात. आठवड्यात पुन्हा एक्स-रे काढला नाही तर सरकलेला तुकडा कळत नाही. न जुळल्यास कोपर वर्षागणिक बाहेर झुकतो आणि पंचविशीत करंगळीला मुंग्या येऊ लागतात. वेळेत दोन तारा घातल्या असत्या तर हे टळलं असतं. कोपराजवळची चकती दंडाच्या वाढीतला फक्त पाचवा हिस्सा सांभाळते, म्हणून इथला वाकडेपणा वाढीबरोबर सुधारत नाही.

आणि एक विनंती, हात जोडून. मुलाचा हात किंवा पाय मोडला तर बांबूच्या कामट्यांनी करकचून बांधू नका, कुणाकडून बांधून घेऊ नका. घट्ट बांधलेल्या सुजलेल्या हाताचा रक्तपुरवठा काही तासांत तुटतो, स्नायू मरतात आणि बोटं कायमची आखडतात. प्लास्टरनंतरही बोटं निळी पडली, बधिर झाली, किंवा बोटं सरळ करताना मूल किंचाळलं, तर रात्र असली तरी प्लास्टर सैल करून घ्यायला जा. उशीर झाला तर तो हात मग कुठलाही सर्जन पूर्वीसारखा करू शकत नाही.

कुठे जायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. अंगणवाडीत आणि शाळेत येणारं पथक अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. वाकडं पाऊल, निखळलेला खुबा, मुडदूस हे त्यांच्या यादीत आहेत आणि पुढच्या उपचारासाठी ते जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात. जन्मतः आत वळलेल्या पावलासाठी तर मोठं ऑपरेशन बहुधा लागतच नाही. पहिल्या काही आठवड्यांत दर आठवड्याला प्लास्टर बदलत गेलं की पाऊल सरळ होतं, टाचेमागचा घट्ट स्नायूबंध एका छोट्या छेदाने सोडवतात आणि मग काही वर्षं रात्री बूट-पट्टी. तिचा कंटाळा केला तर पाऊल परत वळतं.

मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. सर्जनला भेटताना जुने सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावून न्या, अगदी बाळपणीचेसुद्धा. वाक वाढतोय की कमी होतोय हे एका एक्स-रेत दिसत नाही. दोन्ही पायांचा कमरेपासून घोट्यापर्यंतचा उभ्याने काढलेला एक्स-रे लागेलच. आणि ऑपरेशनच्या आधी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोला. रिंग असलेलं मूल शाळेत जाऊ शकतं, त्याला तळमजल्यावरचा वर्ग, पाय पुढे पसरता येईल असा बाक आणि कमोडचं शौचालय लागतं. पँटची एक बाजू उसवून वेल्क्रो लावला की गणवेश रिंगवरूनही बसतो.